जमिनीखालचा पाइप दाखवणारा टॅबलेट: सोलापुरातला आठ महिन्यांचा अनुभव

मागच्या ऑक्टोबरात घेतला, आता जून आहे. आठवड्यातले चार दिवस तरी साइटवर वापर झालाय, म्हणून लिहायला बसलो. आमचं काम पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइनी टाकायचं, जुन्या लाइनीला जोड द्यायचं. टॅबलेटच्या डोक्यावर ब्रॅकेटने आरटीके रिसीव्हर, म्हणजे उपग्रहांवरून आपली जागा सेंटीमीटरपर्यंत सांगणारं यंत्र, लावायचा, लाइनींचा नकाशा आत भरायचा आणि कॅमेरा रस्त्याकडे धरायचा. डांबराखालचा पाइप निळ्या नळीसारखा जागच्या जागी दिसतो. म्हणजे दिसायला हवा. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढचं बरंचसं अशा कुठल्याही यंत्राला लागू आहे.

पहिल्या दिवशी पाइप दिसलाच नाही. जुळे सोलापुरात मोकळ्या प्लॉटशेजारी उभे होतो. रिसीव्हरवर फिक्स, म्हणजे जागा पक्की सापडलेली, अचूकता 2 सेंटीमीटर आणि पडद्यावर रस्ता कोरा. आमचा सुपरवायझर पोरगा टॅबलेट इकडेतिकडे फिरवत होता, सहज वर धरला आणि ओरडला, "सर, पाइप वर हाय!" खरंच होता. घारी फिरतात तितक्या उंचीवर निळी रेघ, मध्ये दोन व्हॉल्व्ह.

झालं असं होतं की नकाशातल्या उंच्या समुद्रसपाटीपासूनच्या होत्या आणि उपग्रहांवरून निघणारी उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजलेली असते. समुद्रसपाटी या लंबगोलाच्या कुठे वर, कुठे खाली असते, आणि तिच्यातला जगातला सगळ्यात मोठा खळगा, श्रीलंकेच्या दक्षिणेला साधारण 106 मीटरचा, आपल्याच बाजूला असल्यामुळे या दोन उंच्यांमध्ये सोलापुरात सत्तर मीटरच्या वर फरक पडतो. सेटिंगमध्ये जिऑइड मॉडेल, म्हणजे हा फरक कुठे किती ते सांगणारा तक्ता, निवडायची जागा आहे, ती रिकामी राहिली होती. मॉडेल निवडलं, पाइप खाली उतरला. पुस्तिकेत यावर मोजून एक ओळ आहे.

उंचीची चूक निदान ढळढळीत दिसते. दिशेची दिसत नाही आणि माझे पैसे तिनेच घालवले.

नोव्हेंबरात नवी पेठेत एक व्हॉल्व्ह शोधत होतो. टॅबलेट म्हणाला, दुकानाच्या पायरीखाली. दुकानदार पायरी फोडू देईना, त्याचं बरोबरच होतं. तिथले चावीवाले मामा लोखंडी चावी खांद्यावर टाकून हे सगळं बघत उभे होते. नालीच्या कडेला दोनदा चावी आपटली आणि म्हणाले, "हितं हाय साहेब. तीस वर्सं सोडतोय पाणी." खोदलं. व्हॉल्व्ह तिथेच, पायरीपासून अर्ध्या मीटरवर.

घरी येऊन हिशेब मांडला तेव्हा उमगलं. रिसीव्हर खोटं बोलत नव्हता, मी कुठे उभा आहे ते त्याला बोटभर अंतरापर्यंत माहीत होतं. माझं तोंड कुठे आहे ते मात्र त्याला माहीत नव्हतं. एक अंशाची चूक 20 मीटरवर 35 सेंटीमीटर होते. अडीच अंशांची चूक 12 मीटरवर अर्धा मीटर. दिशेसाठी टॅबलेट आधी होकायंत्रावर विसंबतो, आणि माझ्या एका बाजूला लोखंडी शटरं होती, दुसर्‍या बाजूला आमचाच जेसीबी. हवेत आठचा आकडा काढून होकायंत्र कॅलिब्रेट करा असं पडद्यावर येतं, पण जेसीबीच्या शेजारी आठ काढा नाहीतर अठ्ठ्याऐंशी, फरक पडत नाही.

खरा इलाज चालण्यात आहे. कॅमेरा आणि आतले सेन्सर मिळून आपली चाल स्वतःच्या हिशेबाने मोजतात, उपग्रह तीच चाल जगाच्या हिशेबाने मोजतात. दोन्ही रेघा एकमेकींवर बसवल्या की तोंड कुठे आहे ते कळतं, होकायंत्र लागत नाही. मात्र रेघ लांब हवी. 3 मीटर चाललो आणि उपग्रहांकडून 2 सेंटीमीटरची चूक आली तर दिशा जवळजवळ 0.4 अंशाने बिघडते, 15 मीटर चाललो तर 0.1 अंशही नाही. ॲप तीन-चार पावलांतच "कॅलिब्रेशन पूर्ण" म्हणून हिरवी टिक देतं. ही टिक सगळ्यात घातक गोष्ट आहे. मी कंपनीला दोनदा लिहिलं, उत्तर आलं नाही.

आता आमचा रोजचा नेम असा: मोकळ्या आभाळाखाली फिक्स आल्यावर दोन मिनिटं थांबायचं, मग काटकोनात वळत 15-15 मीटर चालायचं. त्यानंतर आधी मोजून ठेवलेल्या खुणेवर, साधारण पुलाच्या कठड्यात मारलेल्या खिळ्यावर, पडद्यातली फुली बसते का बघायचं. पाच सेंटीमीटरच्या आत बसली तर काम, नाहीतर पुन्हा चाल. पोरं याला "प्रदक्षिणा" म्हणतात. अडुसष्ट लिंगांच्या गावात शब्द आपोआप सुचतो.

पूर्व भागात मात्र प्रदक्षिणाही पुरत नाही. गल्ल्या अरुंद आणि यंत्रमागांच्या शेडवर पत्रे, त्यांवरून सिग्नल उसळून येतो आणि फिक्सचा फ्लोट होतो, म्हणजे जागा नुसती अंदाजे उरते. तिथे चौकात जुळवून घेऊन कॅमेर्‍याच्या भरवशावर गल्लीत शिरतो. तीस-चाळीस मीटर निभतं. सगळीकडे सारखेच पेव्हर ब्लॉक असतील किंवा बाजाराची गर्दी असेल तर कॅमेराही गोंधळतो, चित्र हळूहळू सरकायला लागतं.

मार्चमध्ये आसरा चौकात रात्रीचं काम होतं. मोकळं आभाळ, भरपूर उपग्रह, तरी आठ वाजले की फिक्स तुटायचा आणि अकरानंतर आपोआप सुधारायचा. आधी सिमकार्डला शिव्या घातल्या, उपग्रहांच्या मापातली चूक काढायचा दुरुस्तीचा डेटा मोबाइलवरूनच येतो ना. सिमचा दोष नव्हता. आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ. विषुवदिनाच्या आसपास सूर्यास्तानंतर वरच्या आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित थरात, बुडबुडे उठतात आणि सिग्नल थरथरतो. त्यात सूर्य तेव्हा त्याच्या अकरा वर्षांच्या चक्रातल्या जोरात होता. त्या महिन्यात मोजणी दुपारी उरकायची आणि रात्री नुसतं खोदायचं, असं ठरवलं.

दुपारचं दुखणं निराळं. मे महिन्यात टॅबलेट वीस मिनिटांत तापतो, पडदा आपोआप अंधारतो, मग बंदच. सोलापुरी टॉवेलची झालर शिवून वर छपरासारखी लावली. दिसायला हास्यास्पद आहे, पण आता पाऊण तास जातो.

एक गोष्ट यंत्राच्या माथी मारू नका. टेपने किंवा टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजायचं यंत्र) काढलेला जुना नकाशा सरळ यूटीएम 43 मध्ये, म्हणजे आपल्या पट्ट्याच्या सपाट नकाशा-पद्धतीत, टाकला तर सोलापुरात किलोमीटरमागे तीसेक सेंटीमीटर फरक पडतो, कारण सपाट नकाशातलं अंतर जमिनीवरच्या अंतरापेक्षा थोडं कमी भरतं. लांब लाइनीत शेवटचा चेंबर सरकलेला दिसला तर आधी हे तपासा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स सेवेवरून (कायम चालू असलेल्या संदर्भ केंद्रांचं जाळं) दुरुस्ती घेत असाल तर कंट्रोल पॉइंटही, म्हणजे नकाशा ज्यांवर बसवलाय त्या पक्क्या खुणाही, तिच्यावरच पुन्हा मोजून घ्या, दोन बापांचे आकडे एकत्र करू नका.

घ्यावा का? नव्या लाइनी टाकणार्‍यांनी घ्यावा. स्वतः टाकलेली लाइन बुजवायच्या आधी मोजून ठेवली तर पुढच्या वेळी हा टॅबलेट सोनं आहे, दोन ठिकाणी आमचा उकरायचा अख्खा दिवस वाचला. ज्यांच्याकडे फक्त जुने कागद आहेत त्यांना तो कागदावरचीच चूक रंगीत करून दाखवेल.

नवी पेठेतला तो व्हॉल्व्ह मी नंतर मोजून नकाशात टाकला. गेल्या आठवड्यात तिथून जाताना मामांना पडद्यावर दाखवला, फुली बरोबर झाकणावर. त्यांनी टॅबलेट हातात घेतला, उलटा-सुलटा केला, टॉवेल चाचपला आणि विचारलं, "पलीकडच्या गल्लीतला दाखवतो का? तो मलाबी घावंना."