अकरा महिने, घरी प्लग नसताना

इलेक्ट्रिक गाडीबद्दल तक्रार नाही, हे आधीच सांगतो. ३० युनिटची बॅटरी, शहरात एका चार्जमध्ये २०० किलोमीटरच्या आसपास जाते, सिंहगडाचा चढही हसत चढते. हा अनुभव गाडीचा नाही, तिला चारा घालण्याचा आहे.

आम्ही सदाशिव पेठेत राहतो. वाडा पाडून इमारत झाली तेव्हा स्कूटर लावायचीही वानवा होती, कारचा विचार कोण करणार? त्यामुळे गाडी रस्त्यावर, पी-वन पी-टूच्या, म्हणजे सम-विषम तारखांच्या पार्किंगच्या, पाटीकडे बघत. आज या बाजूला, उद्या त्या. घेताना वाटलं, शहरात एवढे चार्जर झालेत, निभेल.

निभतं, पण कसं ते ऐका. माझा नेहमीचा फास्ट चार्जर नदीपलीकडे, एका कॉम्प्लेक्सच्या पार्किंगमध्ये. आठवड्यातून दोनदा जायचं. यंत्रावर ६० किलोवॅट लिहिलंय, पण गन, म्हणजे गाडीत खुपसायच्या वायरी, दोन. शेजारी दुसरी गाडी लागली की दोघांना तीस-तीस. २० टक्क्यांवरून ८० पर्यंत पाऊण तास धरा. ८० नंतर वेग इतका पडतो की थांबण्यात अर्थ नाही. दर घरच्या विजेच्या दुपटीच्या आसपास, वर १८ टक्के जीएसटी. पैशांचं मी सोसलं. वेळेचं सोसवत नाही.

जुलैतली एक रात्र. ॲप म्हणतं ‘उपलब्ध’. पोहोचलो तर चार्जरसमोर पेट्रोलची पांढरी सेदान आडवी. सिक्युरिटीवाले काका छत्री सावरत म्हणाले, “दोनच मिनिटं साहेब, वर जेवायला गेलेत.” ती दोन मिनिटं पन्नास मिनिटांची झाली. ॲप खोटं बोलत नव्हतं हो, गन खरंच मोकळी होती! तिच्यापर्यंत पोहोचणारी जागा मोकळी आहे का, हे त्याला कळायचं साधनच नाही. जमिनीवर हिरवा पट्टा मारून भागत नाही, तिथे दुसरी गाडी लावली तर कोण उचलणार हे ठरलेलं लागतं. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की यंत्रही गप्प, ते वेगळंच.

गंमत म्हणजे बाहेरगावी त्रास नाही. मुंबईला जाताना फूड मॉलला गाडी लावायची, चहा-वडापाव होईस्तोवर काम होतं. हायवेवर माणूस घाईत असतो, तिथे फास्ट चार्जरच हवा. पण माझी गाडी रात्री नऊपासून सकाळी आठपर्यंत घराखाली नुसती उभी असते. तिला घाई कसली?

केंद्राच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत शहरासाठी हिशेब होता: ३ बाय ३ किलोमीटरच्या प्रत्येक चौकोनात किमान एक स्टेशन. नकाशावर छान दिसतं. पण अशा एका चौकोनात आमच्या बहुतेक पेठा मावतील! माणसं किती दाटीने राहतात आणि त्यातल्या किती जणांना स्वतःचं पार्किंग नाही, हे चौकोनाला दिसत नाही. जिथे मोकळी जागा आणि मोठं कनेक्शन मिळतं तिथे चार्जर बसतो. म्हणजे बहुधा जिथे लोकांकडे आधीच पार्किंग आहे तिथे.

आता साधा गुणाकार. १५ अँपिअरच्या सॉकेटवर ३.३ किलोवॅट मिळतात, दहा तासांत ३३ युनिट. माझी बॅटरी तळापासून भरेल. एका ६० किलोवॅटच्या यंत्राएवढ्या भारात असे १८ पॉइंट चालतात, तेही रात्री, दुकानांचे एसी बंद असताना. नेदरलँड्समध्ये ज्यांना स्वतःचं पार्किंग नाही त्यांनी अर्ज केला तर अनेक ठिकाणी पालिका घराजवळच्या रस्त्यावर पॉइंट बसवते. तिथे राहणाऱ्या मावसबहिणीने हे सांगितलं तेव्हा जीव जळला, खोटं कशाला बोलू.

आपल्याकडे तसं करायचं तर पहिला पेच पी-वन पी-टूचाच. पॉइंट एका बाजूला बसवला तर तो एक दिवसाआड नो-पार्किंगमध्ये! म्हणजे तेवढ्या जागेपुरता सम-विषमचा नियम उठवावा लागेल, आणि ते वायरमनचं काम नाही.

घ्यायच्या विचारात असाल तर: स्वतःचं पार्किंग आणि मीटरपासून वायर ओढायची सोय असेल तर डोळे मिटून घ्या. गाडी रस्त्यावर लागत असेल तर आधी जवळच्या चार्जरवर आठवडाभर नुसती चक्कर मारा. रात्री नऊला जा. दुपारी सगळेच मोकळे असतात.