कॉर्नियावरचा ओरखडा: थेंब, मलम की लेन्स?

भाचीचं नख लागून माझ्या कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, ओरखडा आला, तेव्हा अँटिबायोटिक थेंबात घ्यायचं की मलमात, हे डॉक्टरांनी माझ्या सोयीवर सोडलं. मी दोन्ही वापरून पाहिली.

थेंब सुटसुटीत, यात वाद नाही. टाकले की लगेच नजर साफ, माणूस कामाला मोकळा. मला नकोसा झाला तो घशातला कडूपणा. मॉक्सिफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचा थेंब टाकला की थोड्याच वेळात जिभेच्या मुळाशी कडू लागायचं. म्हणजे डोळ्यासाठी आणलेलं औषध नाकावाटे घशात उतरत होतं. एक थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा. डोळ्यात मावतं फार तर ३०, आणि जखमी डोळा आधीच पाझरत असतो. थेंबानंतर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिट-दोन मिनिटं दाबून धरला की कडूपणा बराच कमी व्हायचा. पण चरचरणारा डोळा दर काही तासांनी उघडून हे सगळं करायचं म्हणजे जिवावर यायचं.

मलमाचा आधार व्हॅसलीनसारखा तेलकट, त्यामुळे अश्रूंनी ते चटकन धुऊन जात नाही. खालची पापणी ओढून आत बारीक रेघ सोडायची. पापणी जखमेवरून अलगद सरकते, हा सुखद भाग. नजर मात्र बराच वेळ धुरकट राहते. गाडी चालवायचं नाव नको. सकाळी चिकटलेल्या पापण्या कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसाव्या लागतात.

बँडेज लेन्सने, म्हणजे जखमेवर पट्टीसारखी बसवायच्या मऊ कॉन्टॅक्ट लेन्सने, दुखणं लवकर थांबतं म्हणतात. पण नख किंवा उसाचं पातं लागलं असेल तर जंतुसंसर्गाच्या भीतीने डॉक्टर सहसा ती टाळतात. मलाही नाहीच म्हणाले. अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळालेली, पापणीच्या कोपऱ्यातल्या अश्रूंच्या छिद्रात बसवायची, ३० दिवस औषध सोडणारी कांडीही आहे. पण तिच्यात स्टेरॉइड आहे आणि ती मुख्यतः शस्त्रक्रियेनंतरसाठी आहे. ओरखड्यावर स्टेरॉइड मनाने कधीच घालू नये, पानापात्याच्या जखमेवर तर नाहीच, बुरशी फोफावते.

दिवसा कामाच्या वेळी थेंब बरे पडतील, हे मान्य. रात्री मात्र मी मलमच घेईन. झोपेत पापणी नव्या, नाजूक त्वचेला चिकटते आणि सकाळी डोळा उघडताना तीच पुन्हा सोलली जाऊ शकते. म्हणून जखम भरल्यावरही डॉक्टरांनी मला रात्रीचं साधं वंगणाचं मलम चालू ठेवायला सांगितलं.

दोन्ही लिहून दिली असतील तर आधी थेंब, पाचेक मिनिटांनी मलम. उलट केलं तर थेंब मलमावरूनच ओघळून जातो.