पॉलिटोपियात पर्फेक्शन खेळायचं की डॉमिनेशन? स्टार आणि पॉइंटचा सगळा हिशोब

द बॅटल ऑफ पॉलिटोपिया हा गेम नवीन डाउनलोड केला की पहिलाच प्रश्न समोर येतो, पर्फेक्शन की डॉमिनेशन, आणि बहुतेक लोक काहीतरी दाबून पुढे जातात आणि मग दोन्हीकडे एकाच पद्धतीने खेळत बसतात. गंमत अशी की दोन्ही मोडमधला गेम सेम आहे, युनिट (म्हणजे सैन्य) तीच, टेक (म्हणजे शिकायची तंत्रं) तीच, स्टार (गेममधले पैसे) तसेच मिळतात, पण त्या स्टारची किंमत दोन्हीकडे वेगळी. पर्फेक्शनमध्ये ३० टर्न असतात, शेवटी स्कोअर किती तो बघायचा. डॉमिनेशनमध्ये टर्नची मर्यादा नाही, बाकी सगळ्या ट्राइब (टोळ्या) संपवल्या की जिंकलात. एवढाच फरक, पण त्याने सगळं फिरतं.

स्वीडनमधल्या मिडजीवान नावाच्या छोट्या कंपनीचा हा गेम, २०१६ ला आयफोनवर आला तेव्हा नाव सुपर ट्राइब्स होतं, मग अँड्रॉइडवर आला, २०२० ला स्टीमवर. मोबाइलवर फुकट आहे, फुकटात शिन-शी, इम्पेरियस, बार्डुर आणि औमाजी या चार ट्राइब मिळतात, आणि एकट्याने खेळायला नेट लागत नाही. विरारला चढून चर्चगेट येईपर्यंत पर्फेक्शनचा एक गेम आरामात होतो. डॉमिनेशनचं तसं नाही, तो कधी अर्ध्या तासात संपतो कधी दोन संध्याकाळी खातो.

आधी पैशाचं बघू, कारण ते दोन्हीकडे कॉमन आहे.

प्रत्येक शहर दर टर्नला आपल्या लेव्हलएवढे स्टार देतं, राजधानी एक जास्त देते. म्हणजे सुरुवातीला लेव्हल १ ची राजधानी दर टर्नला २ स्टार. लेव्हल वाढवायची तर लोकसंख्या लागते, १ वरून २ ला जायला २, मग ३, मग ४, मग ५ असं वाढत जातं. फळं तोडा, प्राणी मारा, मासे पकडा, प्रत्येकाला २ स्टार जातात आणि १ लोकसंख्या मिळते. शेत ५ स्टारचं आणि लोकसंख्या २, खाण पण तशीच.

आता बार्डुर घेऊन बघा. त्यांच्याकडे शिकारीची टेक सुरुवातीपासून असते आणि हातात ५ स्टार. पहिल्याच टर्नला शहराच्या हद्दीतले दोन प्राणी मारायचे, ४ स्टार गेले, लोकसंख्या २ झाली, शहर लेव्हल २. बक्षीस म्हणून वर्कशॉप घ्या किंवा एक्सप्लोरर. वर्कशॉप घेतलं तर दर टर्नला अजून १ स्टार, म्हणजे २ ची कमाई थेट ४ झाली, घातलेले ४ स्टार दोन टर्नमध्ये वसूल. त्याच्यापुढची पायरी तर अजून भारी, लेव्हल ३ ला ३ लोकसंख्या म्हणजे ६ स्टार, आणि बक्षिसात तटबंदी नाहीतर रोख ५ स्टार. रोख घेतले तर लेव्हल ३ तुम्हाला खरं म्हणजे १ स्टारला पडली! लेव्हल ४ ला हद्द वाढवा नाहीतर ३ लोकसंख्या फुकट घ्या, ती लोकसंख्या घेतली की लेव्हल ५ ला फक्त २ कमी पडतात. म्हणून एक शहर लवकर ४ ला नेलं की ते ५ ला आपोआप घरंगळत जातं, आणि ५ ला खरी मजा आहे, त्याच्याकडे येतोच.

पवनचक्की, सॉमिल, फोर्ज या इमारती पण यातच. पवनचक्की ५ स्टारची, शेजारच्या प्रत्येक शेतामागे १ लोकसंख्या. फोर्ज पण ५ ची पण शेजारच्या प्रत्येक खाणीमागे २. तीन खाणी आणि मध्ये फोर्ज म्हणजे २० स्टारात १२ लोकसंख्या, चार शेतं आणि पवनचक्की म्हणजे २५ स्टारात १२. खाण स्वस्त पडते पण धातूचे डोंगर असे एकमेकांना चिकटून मिळायला नशीब लागतं राव, त्यामुळे नकाशा बघूनच ठरवायचं. रस्त्यांचं पण लक्षात ठेवा, शहर राजधानीला जोडलं की त्या शहराला १ आणि राजधानीला पण १ लोकसंख्या मिळते, लोक हे उगाच शेवटपर्यंत ठेवतात. (अपडेटमध्ये काही आकडे इकडेतिकडे करतात, त्यामुळे गेममध्ये बटण दाबायच्या आधी किंमत वाचायची सवय बरी.)

आणि एक भानगड जी कोणी सांगत नाही. शहरं वाढली की टेक महाग होते. पहिल्या थरातल्या टेकची किंमत म्हणजे शहरांची संख्या अधिक ४, दुसऱ्या थरात शहरांची दुप्पट अधिक ४, तिसऱ्यात तिप्पट अधिक ४. दोन शहरं असताना तिसऱ्या थराची टेक १० स्टार, सहा शहरं झाली की तीच २२. याचा अर्थ गावं (नकाशावरची, काबीज केली की तुमची शहरं होतात ती) घेऊ नका असा नाही हां, गावं घ्यायचीच, पण तुमचा वॉरियर गावावर उभा आहे आणि हातात टेकपुरते स्टार आहेत तर आधी टेक घ्या आणि मग गाव काबीज करा. एका टर्नमध्ये फक्त क्रम बदलला की १ ते ३ स्टार वाचतात, आणि सुरुवातीला ३ स्टार म्हणजे एक रायडर, म्हणजे घोडेस्वार.

इथपर्यंत दोन्ही मोड सेम. आता फाटा फुटतो.

डॉमिनेशनमध्ये स्टार कशाला वापरायचे याचं उत्तर सोपं आहे, पुढच्या हल्ल्याला. स्कोअरचा आकडा वर दिसत राहतो पण त्याने कोणी मरत नाही. शंभर पॉइंटची टेक घेतली आणि तिचा लढाईत किंवा लोकसंख्येत उपयोग नाही तर ते स्टार पाण्यात. इथे मी बार्डुरबरोबर तीन-चार टेकमध्येच गेमचा अर्धा भाग काढतो, शिकार, मग जंगलातून लोकसंख्या, आणि समोरचा जवळ असला तर रायडर. देऊळबिऊळ बांधायचं नाव नाही. कमाई आणि सैन्य यातला तोल एवढंच डोक्यात ठेवायचं, आणि तोल म्हणजे काय तर समोरच्याचं युनिट तुमच्या शहरात घुसून उभं राहिलं की ते शहर स्टार देणं बंद करतं, म्हणजे एक २ स्टारचा वॉरियर तुमची लेव्हल ४ ची कमाई बंद पाडू शकतो. उलट तुम्ही पण हेच करायचं. शहर घ्यायची ताकद नसली तरी आत जाऊन उभं राहिलं तर त्याचा पगार थांबतो. प्रत्येक शहर आपल्या लेव्हलपेक्षा एकच जास्त युनिट पोसू शकतं हे पण आहे, त्यामुळे लेव्हल वाढवणं म्हणजे सैन्य वाढवणंच.

पर्फेक्शनमध्ये प्रत्येक स्टारला एक शेवटची तारीख असते. पाचव्या टर्नला घेतलेलं वर्कशॉप गेम संपेपर्यंत जवळजवळ २५ स्टार देतं, पंचविसाव्याला घेतलेलं जेमतेम ५. म्हणून पर्फेक्शन खेळताना एक क्षण असा येतो की कमाई वाढवणं थांबवायचं आणि पॉइंट विकत घ्यायला लागायचं, आणि तो क्षण ओळखणं म्हणजेच हा मोड येणं. माझ्या मते तो २० ते २२ टर्नच्या आसपास असतो. त्यानंतर शेवटच्या तीन-चार टर्नमध्ये ३१ मार्चच्या आधी सरकारी खातं उरलेला निधी उडवतं तसं उडवायचं, कारण शिल्लक स्टारचे पॉइंट मिळत नाहीत.

कशावर उडवायचं? पॉइंट कसे मिळतात ते बघा. आपल्या हद्दीतल्या प्रत्येक घराला (म्हणजे नकाशावरच्या चौकोनाला) २० पॉइंट. नकाशावर ढग हटवून उघडलेल्या प्रत्येक घराला ५. टेकला थराप्रमाणे १००, २००, ३००. युनिटला त्याच्या किमतीच्या पाचपट, म्हणजे ५ स्टारचा स्वॉर्ड्समन २५ पॉइंट. जायंटसारख्या मोठ्या युनिटला ५०. स्मारकाला ४००. पार्कला २५०. लोकसंख्येला प्रत्येकी ५. देवळाला बांधताना १०० आणि मग ते दोन-तीन टर्नला एक लेव्हल चढतं, प्रत्येक लेव्हलला ५०, पाचव्या लेव्हलला थांबतं.

आता यांना स्टारने भागा, मग चित्र दिसतं. सैन्य कुठल्याही टर्नला ५ पॉइंट पर स्टार, आणि मेलं तर तेही गेले. पाच शहरं असताना तिसऱ्या थराची टेक १९ स्टारला ३०० पॉइंट, म्हणजे साधारण १६ पर स्टार, पण दहा शहरं झाली की ३४ स्टार लागतात आणि तो भाव ९ च्या खाली येतो. फिलॉसॉफी नावाची टेक आधी घेतली असेल तर बाकी टेक एक तृतीयांशने स्वस्त, म्हणून पर्फेक्शनमध्ये ती लवकर घेणारे शहाणे, डॉमिनेशनमध्ये मला तिची आठवण पण येत नाही. साधं देऊळ २० स्टारचं, अठराव्या टर्नच्या आत बांधलं तर वाढून ३०० पर्यंत जातं म्हणजे १५ पर स्टार, आणि तिसाव्या टर्नला बांधलं तर ५ च्या आसपास, म्हणजे सैन्याच्याच भावात! तरी लोक शेवटच्या टर्नला देवळं बांधत सुटतात. जंगलातलं देऊळ १५ स्टारचं आहे, बांधायचंच तर ते.

जमीन मात्र सगळ्यात स्वस्त. एका गावाभोवती ३×३ ची हद्द, ९ घरं, म्हणजे नुसत्या जमिनीचे १८० पॉइंट आणि शहराचे वर वेगळे, आणि खर्च काय तर तिथपर्यंत गेलेला २ स्टारचा वॉरियर. लेव्हल ४ ला हद्द वाढवणं घेतलं तर ३×३ चं ५×५ होतं, १६ घरं मोकळी असतील तर ३२० पॉइंट एका क्लिकला फुकट. डॉमिनेशनमध्ये मी तिथे हमखास लोकसंख्या घेतो, पर्फेक्शनमध्ये पहिल्या दोन शहरांना लोकसंख्या आणि नंतरच्या शहरांना हद्द. शेजारच्या शहराच्या हद्दीने आधीच जागा खाल्ली असेल तर अर्थातच नाही.

नकाशा उघडणं पण कमी लेखू नका. १६×१६ च्या नकाशात २५६ घरं म्हणजे पूर्ण उघडला तर १२८० पॉइंट, आणि हे काम एक-दोन फालतू युनिट करतात.

लेव्हल ५ च्या बक्षिसात जायंट की पार्क, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो. डॉमिनेशनमध्ये प्रश्नच नाही, जायंट. ४० हेल्थ, वॉरियरची १०, दोन जायंट एकत्र आले की बॉटचं (कॉम्प्युटर खेळाडूचं) शहर दोन-तीन टर्नमध्ये तुमचं. पर्फेक्शनमध्ये कागदावर पार्क २५० आणि जायंट ५०, पण जायंटने एक शहर जरी घेतलं तरी जमिनीचे १८०, शहराचे पॉइंट, कमाई, आणि त्याच्याच पुढे अजून एक शहर. फक्त तो एका टर्नला एकच घर चालतो, त्यामुळे त्याला वेळ लागतो. पंधराव्या टर्नच्या आसपास लेव्हल ५ आली आणि शत्रू पाच-सहा घरांवर असेल तर जायंट घ्या, पंचविसाव्याला आली तर डोळे झाकून पार्क.

स्मारकांचं पण असंच. ट्रेड टेक घेतली की १०० स्टार साठवायचं काम मिळतं, ते स्टार खर्च होत नाहीत, फक्त दाखवायचे आणि स्मारक मिळवायचं, ४०० पॉइंट आणि ३ लोकसंख्या. पर्फेक्शनमध्ये हे शेवटाकडे जमवता येतं, एक टर्न हात आखडायचा आणि पुढच्या टर्नला तेच १०० उडवायचे. डॉमिनेशनमध्ये १०० स्टार नुसते धरून बसणं म्हणजे तेवढ्या स्टारचं सैन्य घरी बसवणं.

मग कोणी काय घ्यावं. टर्न-बेस्ड गेम पहिल्यांदाच खेळत असाल तर डॉमिनेशन, नॉर्मलवर, दोन बॉट. कारण तिथे चुकीची शिक्षा लगेच दिसते, शहर गेलं की कळतं कमाई का पडली. पर्फेक्शनमध्ये वाईट खेळलात तरी तिसाव्या टर्नला काहीतरी आकडा येतोच आणि त्यातून नेमकं काय बिघडलं ते समजत नाही. पण तुम्ही आधी सिव्हिलायझेशन वगैरे खेळला असाल, एक्सेल उघडून बसायला आवडत असेल, किंवा रोज ठरावीक चाळीस मिनिटंच मिळत असतील तर पर्फेक्शन, त्यात स्वतःचाच मागचा स्कोअर मोडायची चटक लागते. मला विचाराल तर लांबच्या हिशोबात पर्फेक्शन जास्त खोल आहे, डॉमिनेशनमध्ये एकदा पुढे निघालात की शेवटचे दहा टर्न नुसतं साफसफाईचं काम उरतं आणि ते कंटाळवाणं आहे, हे मान्य करायला पाहिजे.

ट्राइबचं म्हणाल तर फुकटातली बार्डुर दोन्हीकडे चालते. औमाजीकडे रायडिंग असते, डॉमिनेशनमध्ये शेजारी जवळ निघाला तर त्यांच्यासारखी मजा नाही. शिन-शी डोंगर चढतात, डोंगरावरून लांबचं दिसतं, म्हणजे नकाशा उघडायला आणि पुढे खाणींकडे जायला सोपं, म्हणून पर्फेक्शनला बरे.

आणि मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचं असेल तर मोबाइलवर निदान एक ट्राइब विकत घ्यावी लागते, तिथे ग्लोरी नावाचा मोड आहे, जो आधी १०,००० पॉइंटला पोचेल तो जिंकला. वरचं दोन्ही तिथे एकदम लागतं, पॉइंट पण मोजायचे आणि समोरचा ९,००० ला आला की त्याचं शहर घेऊन त्याचे पॉइंट खाली पण आणायचे. तिथे पहिलं शहर कोणतं घ्यायचं तर ज्यात पार्क आणि देवळं आहेत ते.