७८ हजारांची सबसिडी आणि मार्चअखेर: घरावरच्या सोलरचा अनुभव

कराडला आमचं स्वतःचं घर आहे आणि वर मोकळा स्लॅब. त्यावर ३ किलोवॅटचं सोलर बसवून उन्हाळा, पावसाळा, हिवाळा आणि एक मार्चअखेर असं सगळं पाहून झालंय. ओळखीतले सगळे पहिला प्रश्न एकच विचारतात, "सबसिडी खरंच मिळते का?" मिळते. पण खरा फायदा तिथे नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सबसिडीचं. घरावरच्या सोलरसाठीची केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार. तीनच्या वर पाच बसवा नाहीतर दहा, आकडा तोच. तरीही विक्रेते पाच किलोवॅटचा आग्रह धरतात आणि कोटेशनवर "सबसिडी वजा जाता" अशी रक्कम ठळक अक्षरात छापतात. ती वजाबाकी नंतरची असते. विक्रेत्याला पूर्ण पैसे आपणच द्यायचे, सिस्टीम चालू होऊन तपासणी झाली की सबसिडी आपल्या बँक खात्यात येते. आम्हाला सगळं मिळून एक लाख नव्वद हजारांच्या आसपास खर्च आला. रक्कम हाताशी नसेल तर तीन किलोवॅटपर्यंत सरकारी बँका २ लाखांपर्यंत विनातारण कर्ज देतात. व्याज रेपो दराला जोडलेलं असल्यामुळे पर्सनल लोनपेक्षा बरंच स्वस्त पडतं.

दोन अटी आधीच बघून ठेवा. सबसिडी हवी तर पॅनेल आणि त्यातले वीज तयार करणारे सेल दोन्ही भारतीय बनावटीचे लागतात, बाजारात त्याला डीसीआर पॅनेल म्हणतात. ते थोडं महाग असतं, त्यामुळे फारच स्वस्त कोटेशन आलं तर पॅनेल कुठलं ते आधी विचारा. दुसरी अट नावाची. आमचं वीजबिल अजून सासऱ्यांच्या नावावर होतं आणि त्यांना जाऊन बरीच वर्षं झालीत. मीटर आधी नावावर करून घ्यावा लागला. पॅनेल बसवण्यापेक्षा त्याच कागदपत्रांत जास्त वेळ गेला.

आता खरा फायदा. आमचा वापर महिन्याला सरासरी तीनशे युनिटच्या थोडा वर. घरगुती बिलात पहिली शंभर युनिटं स्वस्त असतात, शंभरच्या पुढे दर एकदम चढतो आणि तीनशेनंतर आणखी. सोलरमुळे आधी कापली जातात ती ही वरची महागडी युनिटं. पूर्वी बिल साडेतीन हजारांच्या आसपास यायचं, आता बहुतेक महिने दोनशेच्या आत. शून्य कधीच येत नाही, कारण स्थिर आकार भरावाच लागतो. या हिशेबाने सबसिडी वजा जाता घातलेले पैसे तीन-सव्वातीन वर्षांत सुटतील. शेजारच्या काकूंचा वापर मात्र शंभर युनिटच्या आतला. त्यांची सगळी युनिटं स्वस्तातलीच, त्यामुळे एक किलोवॅट बसवलं तरी पैसे सुटायला याच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागेल. त्यांना मी "घाई करू नका" म्हणूनच सांगितलं.

नेट मीटरचं एक गणित मला कोणत्याच विक्रेत्याने समजावलं नव्हतं. दिवसा जास्तीची वीज ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जाते, रात्री आपण ग्रिडची वापरतो आणि उरलेली युनिटं पुढच्या महिन्यात जमा धरतात. हे खातं ३१ मार्चला बंद होतं. शिल्लक युनिटांचे पैसे मिळतात, पण आपण वीज घेतो त्या दराच्या मानाने अगदी किरकोळ. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे चारशे युनिटच्या पुढे वीज तयार होते, जुलै-ऑगस्टमध्ये त्याच्या जेमतेम निम्मी. उन्हाळ्यातली शिल्लक पावसाळ्यात बरोबर कामी येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र ऊन कडक, एसी अजून झाकलेला, आणि शिल्लक साठत जाते. म्हणून त्या दोन महिन्यांत गॅसऐवजी इंडक्शन, पाणी तापवायला गीझर आणि गोधड्या-चादरींची सगळी धुणी. पाच किलोवॅट घेतलं असतं तर दर मार्चला वीज मातीमोल भावाने गेली असती. बारा महिन्यांच्या युनिटांची बेरीज करून तिला १,४४० ने भागा, कारण एका किलोवॅटला वर्षाला साधारण तेवढी युनिटं येतात. जो आकडा निघेल तेवढेच किलोवॅट घ्या.

एका गोष्टीवर घरात अजून वाद होतो. वीज गेली की सोलरही बंद! बॅटरी नसलेल्या सिस्टीममध्ये ते मुद्दामच तसं असतं, नाहीतर आपल्या छतावरची वीज लाइनमध्ये उतरून खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. कारण पटतं, पण भर दुपारी पंखा थांबला की सासूबाई वर बोट दाखवून विचारतात, "मग तो सूर्य काय कामाचा?" जुना बॅटरीवाला इन्व्हर्टर त्यामुळे अजून जिन्याखाली आहेच.

देखभालीचं फार काही नाही. ऊसतोडीच्या दिवसांत शेतं पेटवली की काळी राख येऊन पडते, तेवढ्यापुरतं सकाळी ऊन चढायच्या आत पाणी मारायचं. सांगाडा मात्र डोक्यापेक्षा उंच करून घ्या, थोडे जास्त पैसे जातात पण खाली वाळवणं घालता येतात.

पुण्यात फ्लॅटमध्ये राहणारा भाऊ हे ऐकून हळहळला. गच्ची सोसायटीची, एकट्याने काही करता येत नाही. सोसायटीला लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी किलोवॅटमागे १८ हजार मिळतात, असं त्याला सांगितलंय. आता तो विषय सर्वसाधारण सभेत अडकलाय.