वापरलेली तीनचाकी टूरिंग गाडी: दोन चाकं पुढे की मागे?

जड टूरिंग गाडी धावताना कधीच जड वाटत नाही. ती जड वाटते थांबताना, उतारावर लावताना, मागे बायको आणि तीन पेट्यांचं सामान असताना. डाव्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर हे क्षण मला टाळावेसे वाटू लागले, आणि दुचाकी सोडायची तर प्रवास सोडायचा का, असा प्रश्न उभा राहिला. तो मला सोडायचा नव्हता. म्हणून पुढची दोन वर्षं मित्रांकडून तीनचाकी मागून घेऊन चालवल्या, विकायला निघालेल्या पाहिल्या आणि शेवटी एक घेतली. त्याच वळणावर उभ्या असलेल्यांसाठी हे लिहितो आहे. माझं शरीर आणि माझ्या सवयी तुमच्यापेक्षा वेगळ्या असतील, एवढं धरून वाचा.

वळणात झुकणाऱ्या तीनचाकी मी सुरुवातीलाच बाजूला ठेवल्या. यामाहा निकेन रस्त्यावर सुंदर चालते, पण थांबली की पाय टेकावाच लागतो, म्हणजे माझी मूळ अडचण जिथल्या तिथे. पियाजिओची एमपी३ झुकणं लॉक करून उभी राहते, पण ती स्कूटर आहे आणि मला हवी होती लांब पल्ल्याची गाडी. मग खरे पर्याय तीन उरले: कॅन-ॲम स्पायडर आरटी, हार्ले-डेव्हिडसन ट्राय ग्लाइड आणि होंडा गोल्ड विंगला मागे दोन चाकं बसवून केलेली कन्व्हर्जन ट्राइक. तीन म्हटले तरी निवड दोनच प्रकारांत आहे. स्पायडरची दोन चाकं पुढे, बाकी दोघींची मागे.

न झुकणाऱ्या गाडीची सवय दोन्ही प्रकारांत सारखीच करावी लागते. उजवीकडे वळायचं तर हँडल उजवीकडेच फिरवायचं. दुचाकीवर वेगात उजवं हँडल पुढे ढकलायची सवय इथे विसरायची. वळणात अंग बाहेर फेकलं जातं, ते मांडीनं आणि हातानं धरायचं. खड्डा चुकवायला एक रेघ पुरत नाही, चाकांच्या तीन रेघा सांभाळाव्या लागतात. दोन-तीन दिवसांत हे अंगवळणी पडतं, त्यामुळे यावरून निवड करू नये.

इंजिनांवर फार वेळ घालवत नाही. गोल्ड विंगचं सहा सिलिंडरचं इंजिन मला या सगळ्यांत सर्वांत आवडतं, हे प्रामाणिकपणे सांगतो. २००१ पासूनची १८३२ सीसीची पिढी घेतलीत तर टायमिंग चेनवर आहे, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची उघडझाप साखळीनं जुळवलेली. १९८८ ते २००० ची १५२० सीसीची पिढी टायमिंग बेल्टवर, तेव्हा जुनी घेणार असाल तर बेल्ट कधी बदलले हे कागदावर दिसलं पाहिजे. ट्राय ग्लाइड २००९ च्या मॉडेलपासून आहे आणि इंजिन हळू फिरत असतानाचा तिचा जोर ज्याला आवडतो त्याला दुसरं काही आवडत नाही. स्पायडर आरटी २०१० मध्ये आली ती ९९८ सीसीच्या दोन सिलिंडरच्या व्ही-ट्विन इंजिनावर. २०१४ पासून तिला १३३० सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन मिळालं. फरक मोठा आहे. वापरलेली घ्यायची तर २०१४ किंवा नंतरचीच पाहावी असं माझं मत.

हातांचा विचार मात्र जरा थांबून करा. माझ्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे. दिवसभर क्लच दाबायचा म्हटलं की संध्याकाळी चहाचा कप धरवत नाही. स्पायडरच्या एसई६ या अर्धस्वयंचलित गिअरबॉक्सला क्लचचा लिव्हरच नाही. वरचे गिअर अंगठ्याच्या बटणानं टाकायचे, वेग उतरला की खालचे ती स्वतः टाकते. शिवाय हँडलला पॉवर स्टीअरिंग आहे. मागे दोन चाकं असलेल्या गाड्यांचं हँडल हळू वेगात जड लागतं. कन्व्हर्जनमध्ये पुढच्या फोर्कचा कोन बदलणारा भाग बसवला असेल तर ते बरंच हलकं होतं. तो बसवला आहे का, हे विक्रेत्याला विचाराच. मी एक बसवलेली आणि एक न बसवलेली चालवली. दुसरीवर पार्किंगमध्ये एक पूर्ण वळसा घेतला आणि खांदा दुखायला लागला.

हे सगळं धरूनही माझा कल बराच काळ गोल्ड विंग ट्राइककडेच होता. कारण साधं. चाळीस वर्षांत अंगात मुरलेलं सगळं तिथे जिथल्या तिथे सापडतं: उजव्या हाताला पुढचा ब्रेक, उजव्या पायाला मागचा, डाव्या हाताला क्लच. स्पायडरला हाताचा ब्रेकच नाही. एकच पेडल तिन्ही चाकांना ब्रेक लावतं. पहिल्या दिवशी माझी बोटं दर सिग्नलला हवेत मिटत होती, आणि ही गाडी आपली नव्हे असं वाटून मी परत आलो होतो.

मग एका मित्रानं त्याची मागे दोन चाकांची ट्राइक चार दिवसांसाठी दिली. पहिले दोन दिवस फार सुखाचे गेले. तिसऱ्या दिवशी, तीनेकशे किलोमीटर झाल्यावर, एका चौकात गाडी थांबत आली आणि माझा डावा पाय आपोआप खाली गेला. तीनचाकीला पाय टेकायची गरज नसते, हे मला ठाऊक होतं. पायाला ठाऊक नव्हतं. गाडी अजून हातभर सरकत होती आणि मागचं चाक बुटाच्या टाचेवर चढलं. बुटाला घोट्याशी कडक वाटी होती म्हणून निभावलं. दोन दिवस लंगडलो, इतकंच. पण चौथ्या दिवशी, सकाळपासून मनाशी घोकूनही, संध्याकाळी पाय पुन्हा पाय ठेवायच्या फळीवरून सुटला. त्या वेळी गाडी पूर्ण थांबली होती.

माझा निर्णय तिथे झाला: स्पायडर. नंतर चौकशी केल्यावर कळलं की मागे दोन चाकं असलेल्या गाड्यांवर दुचाकीवरून आलेल्यांचं हे नेहमीचं दुखणं आहे. जुने चालक नवख्याला पहिलं वाक्य तेच सांगतात, पाय वर ठेव. बहुतेकांची सवय काही महिन्यांत मोडते. मला चिंता होती ती थकव्याची. जुनी सवय ताजेपणी दबते आणि थकलो की वर येते, आणि या वयात प्रवासाचा शेवटचा तास थकव्याचाच असतो.

मग दोन्ही सवयींची तुलना केली. स्पायडरवर थकलेला मी काय चूक करीन? बोटं हवेत मिटतील. पण मी आयुष्यभर दोन्ही ब्रेक एकत्र लावत आलो आहे, त्यामुळे बोटांबरोबर उजवा पायही पेडलवर जातो आणि गाडी थांबते. चुकून डावा पाय खाली गेला तरी मागचं एकमेव चाक मधोमध आहे, पायावर मागून चाक येत नाही. तुम्ही मागचा ब्रेक जवळजवळ कधीच न वापरणाऱ्यांपैकी असाल, तर हा हिशेब तुमच्यासाठी उलटा निघेल, आणि तसं असेल तर मी तुम्हाला माझ्या मार्गानं यायला सांगणार नाही.

दुसरं एक कारण नंतर जाणवलं. वळणात ब्रेक लावला की वजन पुढे आणि बाहेरच्या कोपऱ्याकडे जातं. पुढे एकच चाक असलेल्या गाडीत त्या कोपऱ्यात चाक नसतं. पुढे दोन असली की नेमकं तिथेच असतं, आणि स्पायडरची स्थिरता यंत्रणा आतलं चाक हलकं होताना जाणवलं की थ्रॉटल आवरते. काही जुन्या चालकांना ही ढवळाढवळ खटकते. मला ती अनोळखी घाटात धीर देते.

बायकोचं मत मात्र माझ्याविरुद्ध आहे, आणि ते लिहिलं पाहिजे. मागची जागा तिला ट्राय ग्लाइडचीच आवडली. पाठ, हात टेकायला जागा, चढायला मडगार्डशी पायरी, सगळं घरच्या खुर्चीसारखं. ज्यांच्या घरी मागे बसणाऱ्याची पाठ जास्त नाजूक आहे त्यांनी तिलाच आधी दिवसभर फिरवून आणावं.

पाहायला जाल तेव्हा कन्व्हर्जनमध्ये किट कोणाचं, बसवलं कोणी, सुटे भाग अजून मिळतात का आणि नोंदणीच्या कागदांवर तीन चाकं लिहिली आहेत का, हे आधी विचारा. मागचा धुरा अखंड आहे की दोन्ही चाकांचं सस्पेन्शन वेगळं, हेही बघा. अखंड धुऱ्यावर एका बाजूचा खड्डा कमरेला दोन्हीकडे हलवतो. स्पायडरमध्ये मागचं टायर हाताने चाचपा. ते रुंद, सपाट आणि मधोमध लवकर झिजणारं असतं. मागचं चाक फिरवणाऱ्या पट्ट्याच्या कडा पाहा, पुढच्या चाकांची अलाइनमेंट कधी केली ते विचारा, आणि एसई६ असेल तर गिअरबॉक्सच्या हायड्रॉलिक भागाचा वेगळा फिल्टर तेलाबरोबर बदलला होता का तेही. प्लास्टिकची आवरणं बरीच असल्यानं साध्या कामालाही वेळ लागतो. घरी स्वतः काम करणाऱ्यांना गोल्ड विंग जास्त मानवेल. कोणतीही घेतलीत तरी रिव्हर्स चढावर लावून बघा आणि चॅसी नंबर देऊन रिकॉलची, म्हणजे दोष निघाल्यावर कंपनीनं स्वतः बोलावून करायची, कामं झाली आहेत का हे काढून घ्या.

चाचणी मात्र सकाळी ताजेपणी घेऊ नका. मालक तयार असेल तर दिवसभर दुसरी गाडी चालवून, संध्याकाळी थकून जा आणि मग दहा सिग्नल करा. आपला पाय काय करतो ते बघा.