इंग्रजी बोलण्याचा डिजिटल पोर्टफोलिओ : 8 महिन्यांच्या वापरानंतर

जुलैपासून मार्चपर्यंत 34 रेकॉर्डिंग्ज झाली. मी नाशिकमध्ये बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, गाव निफाड तालुक्यात, बारावीपर्यंत मराठी माध्यम. हे आधी सांगते, कारण इंग्रजी माध्यमातून आलेल्यांना हा अनुभव वेगळा वाटेल.

पोर्टफोलिओ म्हणजे वेगळं अ‍ॅप वगैरे काही नाही. गुगल ड्राइव्हवर प्रत्येकाचा एक फोल्डर. आठवड्याला 2 मिनिटांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून त्यात टाकायचं आणि खाली तीन ओळी लिहायच्या : काय जमलं, कुठे अडलं, बोलताना कसं वाटलं (1 ते 5). कल्पना युरोपियन लँग्वेज पोर्टफोलिओवरून घेतलेली. त्यात भाषेचा पासपोर्ट (कुठल्या भाषेत आपली पातळी काय, याची नोंद), भाषेचं चरित्र (शिकण्याचा प्रवास) आणि कामाचे नमुने असे तीन भाग असतात. आमच्या इंग्रजीच्या मॅडमनी पासपोर्ट गाळला. बरं केलं, आधीच पातळ्यांचे शिक्के कमी नाहीत. जागेची चिंता नको, एक रेकॉर्डिंग एक-दोन एमबीचंच होतं.

पहिल्या तासाला मॅडमनी 1986 सालची एक प्रश्नावली आणली होती. परकी भाषा शिकताना वर्गात वाटणारी भीती मोजायला हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी 33 विधानं तयार केली, त्यातली काही मराठीत वाचून दाखवली. ‘आपलं नाव पुकारणार म्हटलं की छातीत धडधडतं’ या विधानाला मागच्या बाकावरच्या दादा लोकांचेही हात वर गेले. मला वाटत होतं, हे फक्त माझंच आहे.

पहिले दोन महिने स्वतःचा आवाज ऐकवत नव्हता. बोलताना आपला आवाज हाडांतूनही कानात पोचतो, रेकॉर्डिंगमध्ये तो भाग नसतो, म्हणून तो परका आणि चिरका लागतो. हे कळल्यावर जरा हायसं वाटलं. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये मी 9 वेळा ‘सॉरी’ म्हटलंय. समोर कुणीही नसताना! vest (बंडी) आणि west (पश्चिम) यांचे उच्चार मला वेगळे ऐकूच येत नव्हते, आपल्या एका ‘व’मध्ये त्यांचे दोन्ही बसतात ना. कॉलेज रोडच्या रूमवर आम्ही चौघी, त्यामुळे गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे उभं राहून बोलायचे. ऑगस्टच्या सगळ्या फायलींत पाऊस आहे.

खरा फरक पडला दिवाळीनंतर. सुट्टी संपवून परतायच्या आधी बाबांबरोबर लासलगावला गेले होते. तिथल्या कांद्याच्या लिलावावर बोलले : ट्रॅक्टरची रांग, हातात कांदा दाबून बघणारे व्यापारी, क्विंटलमागे चढत जाणारा भाव. ‘कांदाचाळ’ला शब्द सापडेना, तेव्हा थांबून सांगितलं की खालून-बाजूंनी वारा खेळेल अशी लांब शेड असते, उन्हाळ कांदा त्यात महिनोन्‌महिने ठेवतात, तरी वजन घटतं आणि कोंब फुटतात ते फुटतातच. 2 मिनिटांची 6 मिनिटं झाली. तोवर ‘माय हॉबी’वर बोलत होते, तीही कुणा दुसऱ्याचीच.

आता तक्रार. जानेवारीत हे सगळं अंतर्गत गुणांना जोडलं आणि फोल्डर वर्गाला खुले केले. कुणीतरी माझा 20 सेकंदांचा तुकडा हसऱ्या चेहऱ्यांसकट ग्रुपवर टाकला. मनाला लावून घेऊ नकोस, एवढं उत्तर मिळालं. 3 आठवडे मी काही बोलले नाही, आणि ‘कसं वाटलं’च्या रकान्यात त्यानंतर सलग 1 आहे. इंग्रजी तेच होतं, फक्त ऐकणारे बदलले. गुणांमुळे आणखी एक गंमत झाली : आदल्या रात्री बसून 8-8 रेकॉर्डिंग्ज उरकणारी मंडळी. एकाच्या आठही ‘आठवड्यां’त तेच कुत्रं भुंकतंय.

शेवटी मॅडमशी बोलून मी तीन फोल्डर केले : एक फक्त माझा, एक मैत्रिणीला दिसणारा, तिसऱ्यात महिन्याचं एकच निवडलेलं, मॅडमसाठी. मग गाडी रुळावर आली. नव्याने सुरू करणार असाल तर हे पहिल्याच दिवशी करा. बोलण्याचा आपोआप मजकूर करून देणारं एक अ‍ॅपही वापरून पाहिलं, त्याने ‘पिंपळगाव बसवंत’ या गावाच्या नावाचं काय केलं ते इथे लिहीत नाही.

त्या 1 ते 5 च्या आकड्यांकडून फार अपेक्षा नको. ग्रुपवरच्या त्या प्रकारानंतरचे 1 सोडले, तर माझे कमी आकडे बहुतेक जागरणाच्या दिवसांचे निघाले, एवढं त्यातून कळलं. रूममेटला परीक्षेच्या आधी झोप लागेना, श्वास अडकल्यासारखं व्हायला लागलं, तेव्हा पोर्टफोलिओचा काय उपयोग? तिने टेलि-मानसला (मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन) 14416 वर फोन केला. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

फोल्डर कॉलेजच्या ईमेल खात्यावर होते, ते वर्ष संपल्यावर बंद होणार म्हणून परवा सगळं बाबांच्या फोनमध्ये उतरवून ठेवलं. त्यांनी लासलगाववालं लावलं. इंग्रजी कळत नाही, पण आकडे कळतात. ‘सिक्स्टीन हंड्रेड’ आलं तसे म्हणाले, “सोळाशे नव्हता गं, अठराशेला गेला आपला.” ही चूक 4 महिन्यांत ना मला सापडली होती, ना मॅडमना.