परभणीची हवा, खिडकीतले सक्युलंट आणि साडेतीनशेचा हायग्रोमीटर: मे ते डिसेंबर

काडेपेटीपेक्षा जरा मोठा, टेबलावर उभा राहणारा डिजिटल हायग्रोमीटर. वर तापमान, खाली आर्द्रतेची टक्केवारी, मागे एक बटण. किंमत साडेतीनशेच्या आसपास. मे महिन्यात मागवला आणि आता डिसेंबर चालू आहे, म्हणजे आपल्याकडचे तिन्ही ऋतू त्याने बघितले. बॉक्स उघडल्या दिवशी पाच तारे देऊन मोकळं होण्यात अर्थ नव्हता, म्हणून थांबले.

घर परभणीत, दुसरा मजला, पश्चिमेची खिडकी. खिडकीजवळच्या लोखंडी रॅकवर सक्युलंट, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणारी झाडं: जेड, इचेवेरिया, हॉवर्थियाचा पसरलेला गुच्छ आणि एक कोरफड. कोरफडीचं या लिखाणात काही काम नाही, ती कशातही जगते.

नवा मीटर आला की त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवायच्या आधी मिठाची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्यायचं आणि त्यात थेंब थेंब पाणी टाकायचं, मीठ भिजेल पण विरघळणार नाही इतकंच. झाकण आणि मीटर हवाबंद डब्यात शेजारी ठेवून रात्रभर सोडायचं. ओल्या मिठावरची बंद हवा 75 टक्क्यांवर स्थिरावते. खोलीत 20 अंश असोत की 30, त्यात फारसा फरक पडत नाही, म्हणून ही युक्ती घरीही चालते. माझा मीटर सकाळी 79 दाखवत होता. वरचे चार कायमचे वजा करते. या किमतीच्या मीटरवर पाच टक्के इकडेतिकडे धरूनच चालायचं असतं, त्यामुळे तक्रार नाही. सासूबाईंनी मात्र डब्यात मिठाशेजारी बसलेला मीटर बघून विचारलं, "दृष्ट काढायलीस का काय त्याची?"

मे महिन्यात दुपारी बंद खोलीत आकडा 20 च्या खाली जायचा. कूलर लावला की तासाभरात 55 ते 60. कूलरच्या दमटपणाने सक्युलंट सडतात असं बरेच जण सांगतात. माझ्याकडे उलट घडलं. हॉवर्थियाची पानं उन्हाळ्यात लालसर पडून आत मिटतात, ती यंदा कूलरच्या खोलीत टुमटुमीत राहिली. कूलरची हवा दमट असली तरी ती वाहती असते आणि समोरचं दार उघडं असेल तर साचत नाही. फक्त रॅक थेट झोताखाली नको, कारण पॅडवरून पाण्याचे बारीक तुषार उडतात आणि आपल्या बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग पानांवर कायमचे बसतात. इचेवेरियाच्या पानावर जी मेणासारखी पांढरी भुकटी असते, ती एकदा पुसली गेली की त्या पानावर पुन्हा येत नाही. बोट लावलं तरी ठसा राहतो.

टक्केवारी एकटी वाचून काही कळत नाही, हे सांगायला मात्र मीटरच्या माहितीपत्रकात जागा नव्हती. गरम हवेत वाफ मावायची जागा जास्त, त्यामुळे 35 अंशांवरची 60 टक्के हवा 22 अंशांवरच्या 60 टक्के हवेच्या दुप्पट जोराने पाणी ओढते. मे महिन्यातली 42 अंश आणि 18 टक्के ही दुपार घ्या, आणि ऑगस्टमधली 26 अंश आणि 88 टक्के ही झड घ्या. दोन्हींत हवेच्या ओढीचा फरक पंधरापटींहून जास्त निघतो. तीच कुंडी, तेवढंच पाणी, मे महिन्यात दोन दिवसांत कोरडी आणि ऑगस्टमध्ये दहा दिवसांनीही बुडाशी ओली, ती यामुळे. "आठवड्यातून एकदा पाणी द्या" हा सल्ला देणाऱ्याने आमच्याकडे एक वर्ष राहून दाखवावं.

नर्सरीवाल्या दादांनी झाड देतानाच सांगितलं होतं, "ताई, हे उन्हाळ्यात नाही, पावसाळ्यात मरायलंय बघा." जुलैपासून त्यांचं म्हणणं आकड्यांत दिसायला लागलं. दिवसा 75, पहाटे 90. 2025 च्या सप्टेंबरात तर मराठवाडाभर अतिवृष्टी झाली, शेतजमिनी खरवडून गेल्या, तिथे कुंड्यांचं दुःख सांगणं बरं दिसत नाही. पण ज्या मराठवाड्यात 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे बसून मी हवेतलं पाणी जास्त झालं म्हणून मीटरकडे बघत होते, हेही खरं.

त्या काळात जी इचेवेरिया गेली, तिचं नीट निरीक्षण केलं. वरची पानं शेवटपर्यंत छान होती. खालचं एक पान अर्धपारदर्शक, पिवळसर झालं आणि नुसता धक्का लागला तर गळून पडलं. देठ जिथे मातीत शिरतो तिथे काळा, बोटाने दाबला तर आत जाणारा. तिची कुंडी चिनी मातीची, झिलई केलेली, बुडाला एकच बारीक छिद्र. शेजारीच, त्याच हवेत, त्याच 90 टक्क्यांत, कुंभाराकडच्या बिनझिलईच्या लाल कुंडीतली दुसरी इचेवेरिया ठणठणीत. म्हणजे दमट हवेचा दोष एवढाच की ती माती वाळू देत नाही. मुळं गुदमरतात ती मातीत, आणि बुरशी धरते तीही तिथेच.

यात रात्रीचाही भाग आहे. बहुतेक झाडं पानांची छिद्रं दिवसा उघडतात. जेड, इचेवेरिया ही मंडळी पाणी वाचवायला रात्री उघडतात. या पद्धतीला क्रॅस्युलेशियन ॲसिड मेटाबॉलिझम म्हणतात आणि हे नाव जेड ज्या कुळातली, त्या क्रॅस्युलेसी कुळावरूनच पडलंय. रात्र उकाड्याची आणि हवा ओलीने भरलेली असली की पानांतून पाणी फारसं बाहेर पडत नाही, मुळंही मातीतलं पाणी ओढत नाहीत. म्हणून संध्याकाळी पाणी घालायची आपली जुनी सवय पावसाळ्यात या झाडांपुरती बंद. द्यायचंच तर उघडीप पाहून, सकाळी.

मी केलेले उपाय खर्चाचे नाहीत. माती बदलली. आपली काळी माती कापसाला सोनं आहे, पण ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि मधल्या काळात पाणी सोडत नाही. कुंडीत तिचा कणही नको. चाळलेला मुरूम आणि विटांचा जाडसर चुरा मिळून तीन भाग, गांडूळ खत एक भाग, एवढ्यावर सगळी झाडं उभी आहेत. चुऱ्यातली बारीक धूळ पाण्याने धुऊन टाका, नाहीतर तीच चिखल होऊन बसते. दुसरं म्हणजे कूलर. पावसाळ्यात लोक तो झाकून ठेवतात, मी पंप बंद करून नुसता पंखा चालवला. टक्केवारी त्याने एक अंकही उतरली नाही, पण कुंड्या दुपटीने लवकर वाळायला लागल्या. मीटरवर काहीच न दिसणारा हा उपाय सगळ्यात जास्त कामाचा ठरला.

ओलावा शोषणाऱ्या पांढऱ्या दाण्यांच्या डब्या कपाटासाठी ठीक आहेत, उघड्या खिडकीच्या खोलीत त्या काय शोषणार? आणि उन्हाळ्यात आकडा 18 दिसला म्हणून स्प्रेची बाटली हातात घेऊ नका. या झाडांना कोरडी हवा चालते. गुलाबासारख्या रचलेल्या पानांत साचलेलं पाणी चालत नाही.

पाणी कधी द्यायचं हे ठरवायला मी मीटर बघतच नाही. उदबत्ती जळून उरलेली काडी कुंडीत बुडापर्यंत खुपसते, दोन मिनिटांनी काढते. काडीला ओले कण चिकटले तर थांबायचं. मीटरचा उपयोग पुढचा अंदाज बांधायला होतो. सलग आठवडाभर पहाटे 85 च्या वर दिसलं की पाणी पूर्ण बंद, आणि पिठ्या ढेकूण या पांढऱ्या किडीसाठी पानांचे बेचके भिंगाने तपासायचे.

आता मीटरच्या खोडी. हवा बदलली की आकडा वीस-पंचवीस मिनिटं जुन्याच जागी रेंगाळतो. ऊन थेट पडलं तर तापमान भलतंच वर आणि टक्केवारी भलतीच खाली. त्याची जागा झाडांच्या उंचीवर, सावलीत. भिंतीवर वर टांगलेला मीटर खोलीचं सांगतो, रॅकचं नाही. अंधारात दिसत नाही, पहाटे मोबाईलची टॉर्च मारावी लागते. सेल बटणासारखा, घड्याळवाल्याकडे मिळतो, अजून बदलावा लागलेला नाही.

खरी उणीव एकच. या मॉडेलमध्ये कमाल-किमान आकडे साठवायची सोय नाही, आणि सक्युलंटवाल्याला बघायचा असतो तो पहाटेचाच आकडा. घेणार असाल तर पन्नास-शंभर जास्त मोजून ती सोय असलेला घ्या, म्हणजे पहाटे चारला टॉर्च घेऊन रॅकपाशी उभं राहावं लागणार नाही.